क्यूआर काढून टाकला तर जीएसटी टळतो का? बेळगावच्या दुकानदाराच्या मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं बेळगावात दूध-बेकरीचं छोटं दुकान, माल सगळा विकत आणून विकायचा, स्वतःची भट्टी नाही. वर्षभरात यूपीआयवर ४६ लाख जमा दिसतायत, वर रोजची अडीच हजाराच्या आसपास रोख. विक्रीतला तीन चतुर्थांश हिस्सा दूध, सुटं दही आणि ब्रेडचा, बाकी खारी, टोस्ट, बिस्किटं, तूप वगैरे. बहिणीच्या लग्नाचे नातेवाइकांनी पाठवलेले पैसे पण त्याच खात्यात आलेत. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या तेव्हापासून वडील म्हणतायत की क्यूआर काढून टाकू, फक्त कॅश घेऊ. मुलगा विचारतोय, काय करावं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. क्यूआर काढू नका. जीएसटी नोंदणी करा, कंपोझिशनमध्ये (म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीच्या कमी, ठोक टक्क्याच्या योजनेत) जा, आणि आजपासून एक वही सुरू करा. तुमच्या दुकानाचा वर्षाचा जीएसटी साधारण १३ हजार रुपये बसतो. हो, तेरा हजार, लाख नाही. कसे ते खाली मांडतो.

मी गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात करसल्लागार म्हणून काम करतो, जीएसटीच्या आधीच्या व्हॅटच्या काळापासून सीमेच्या दोन्ही बाजूच्या दुकानदारांची रिटर्न्स भरतोय. त्या जुलैत फोन नुसते वाजत होते, आणि विचारणारे बहुतेक असे की ज्यांना एक पैसा टॅक्स लागत नाही. किलोवर भाजी विकणारे, दुधाचे रतीब घालणारे. घाबरून ह्यांनी पाट्या लावल्या, "यूपीआय बंद, रोख द्या". बंगळुरूत पण तेच झालं, बातम्यांत तुम्ही पाह्यलंच असेल. म्हणून जरा लांबण लावून लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यातून काढून टाका ती ही की यूपीआयवर टॅक्स आहे. नाही. पैसे कुठल्या वाटेने आले यावर जीएसटी लागत नाही, तुम्ही काय विकलं आणि वर्षाला एकूण किती विकलं यावर लागतो. कॅशने विकलेला बिस्किटाचा पुडा आणि स्कॅन करून विकलेला पुडा, दोन्हीला रेट एकच. २,००० रुपयांवरच्या यूपीआयवर जीएसटी येणार असा एक मेसेज २०२५ च्या एप्रिलमध्ये सगळीकडे फिरत होता, त्याच महिन्यात अर्थ मंत्रालयाने तो खोटा आहे असं स्पष्ट सांगितलं. दुकानदाराकडून यूपीआय घेण्याबद्दल कापला जाणारा एमडीआर पण २०२० च्या जानेवारीपासून शून्य आहे. साउंडबॉक्सचं भाडं जातं तेवढंच, ते वेगळं.

मग नोटिसा आल्या कशावरून? कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआय सेवा देणाऱ्यांकडून २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांचा डेटा घेतला आणि ज्यांच्या खात्यात वर्षाला ४० लाखांवर जमा दिसली (माल नाही तर सेवा विकणाऱ्या धंद्यांच्या बाबतीत २० लाख) पण जीएसटी नंबर नाही, अशांना नोटिसा काढल्या. आता ह्यात घोळ काय झाला तो नीट समजून घ्या, कारण तुमचं उत्तर ह्या घोळातच आहे. बँकेला किंवा ॲपला फक्त पैसे आल्याचं कळतं. ते दुधाचे, बिस्किटाचे, मामाने लग्नाला पाठवलेले, की शेजारच्या माणसाने "पाचशे स्कॅन करतो, मला कॅश द्या" म्हणून टाकलेले, हे त्या डेटात कुठेच नाही. बातम्यांत एका भाजीविक्रेत्याची केस आली होती, चार वर्षांचे व्यवहार १ कोटी ६३ लाख आणि नोटीस २९ लाखांची. गुणाकार करून बघा, १ कोटी ६३ लाखाचे १८ टक्के म्हणजे २९ लाख ३४ हजार. म्हणजे जमा झालेली सगळीच्या सगळी रक्कम १८ टक्क्यांच्या मालाची विक्री समजल्यासारखा हिशेब. आणि ताजी भाजी तर जीएसटीतून पूर्ण माफ आहे! फक्त माफ मालच विकणाऱ्याला जीएसटी कायद्याच्या कलम २३ प्रमाणे नोंदणीच लागत नाही, उलाढाल कितीही असो.

नंतर व्यापाऱ्यांनी बंदची हाक दिली, मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी त्यांच्या प्रतिनिधींना बोलावून बैठक घेतली, माफ मालवाल्यांच्या नोटिसा पुढे चालवणार नाही, छोट्यांच्या जुन्या थकबाकीच्या मागे लागणार नाही, पण ज्यांना नोंदणी लागू आहे त्यांनी ती करायला हवी असं ठरलं. चांगलं झालं. पण त्या दोन-तीन आठवड्यांत जी भीती बसली ती अजून गेलेली नाही, तुमच्या वडिलांचंच बघा ना.

आता तुमचा हिशेब.

यूपीआयचे ४६ लाख. त्यातले लग्नाचे, कॅश बदलून दिलेले, चुकून आलेले आणि परत केलेले असे तुमच्या मजकुरावरून साधारण ४ लाख धरतो. हे विक्रीत येतच नाहीत. राहिले ४२ लाख. रोख रोजची अडीच हजार म्हणजे वर्षाची ९ लाख. एकूण विक्री ५१ लाख. रोख विक्री धरायची, ती सोडायची नाही, बरेच जण इथे फसतात आणि फक्त यूपीआयचाच आकडा बघतात.

ह्या ५१ लाखांत दूध, सुटं दही, ब्रेड मिळून ३८ लाखांच्या आसपास, हे माफ. पिशवीतलं रोजचं ताजं दूध माफच आहे. दह्याचं मात्र लक्षात ठेवा, सुटं माफ, पण पॅक करून लेबल लावलेलं २०२२ च्या १८ जुलैपासून ५ टक्क्यांत आलं. राहिले १३ लाख, खारी, टोस्ट, बिस्किटं, तूप, पिशवीबंद दही. बिस्किटं आधी १८ टक्क्यांत होती, २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ५ वर आली.

नोंदणी लागते का? मालाच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात मर्यादा ४० लाखांची आहे, २०१९ च्या १ एप्रिलपासून. ही मर्यादा मोजताना माफ माल पण धरतात, एका पॅनवरची सगळी दुकानं मिळून. त्यामुळे "टॅक्सवाला माल तर १३ लाखांचाच आहे" हे म्हणणं चालत नाही. निव्वळ दूध विकत असता तर कलम २३ ने सुटला असता, पण काउंटरवर बिस्किटाचा डबा आला की एकूण ५१ लाख मोजले जातात, ४० ओलांडले, नोंदणी लागली. हा नियम छोट्या दुकानदारांना कोणी नीट सांगतच नाही, आणि माझ्या मते निम्म्या भानगडी ह्या एका नियमामुळे होतात. दूधवाल्याने पोराच्या आग्रहाने चार बिस्किटाच्या बरण्या ठेवायच्या आणि एकदम नोंदणीच्या कक्षेत यायचं, त्याला कळणार कसं?

पण नोंदणी झाली म्हणजे ५१ लाखांवर टॅक्स असं नाही. कंपोझिशन योजना आहे, दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला. माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला १ टक्का, अर्धा केंद्राचा अर्धा राज्याचा, आणि तो फक्त टॅक्सवाल्या मालाच्या विक्रीवर. १३ लाखांचा १ टक्का, १३ हजार रुपये. तिमाहीला ३,२५०. तोच हिशेब नोटीसच्या पद्धतीने केला असता तर ५१ लाखांचे १८ टक्के म्हणजे ९ लाख १८ हजार एका वर्षाचे. ह्या दोन आकड्यांतला फरक वडिलांना कागदावर लिहून दाखवा, तोंडी सांगून उपयोग नाही.

एक इशारा. पुढे कधी स्वतः भट्टी लावून खारी करायला लागलात तर तुम्ही निर्माते होता आणि मग १ टक्का एकूण उलाढालीवर लागतो, दुधासकट. म्हणजे १३ हजाराचे ५१ हजार. भट्टीचा विचार असेल तर आधी बोला.

रेग्युलर नोंदणी घेतली तर? खरं सांगायचं तर ५ टक्के रेट झाल्यापासून निव्वळ भरणा त्यात कमी पण बसू शकतो, कारण खरेदीवर भरलेला टॅक्स वजा मिळतो आणि तुमच्या मार्जिनवरच काय तो उरतो, सहा-सात हजार वर्षाला. पण त्यासाठी प्रत्येक बिल, मालाच्या प्रकाराचा एचएसएन कोड, जीएसटीआर-१ आणि ३बी ही रिटर्न्स, माफ मालाच्या वाट्याची खरेदीवरची टॅक्स-वजावट परत करणं, आणि अकाउंटंटची फी. एकट्या माणसाच्या दुकानाला ते झेपत नाही. कंपोझिशनला तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ हा फॉर्म टॅक्ससह भरायचा आणि वर्ष संपल्यावर ३० जूनपर्यंत जीएसटीआर-४ हे वर्षाचं रिटर्न. एवढंच.

कंपोझिशनच्या अटी पण ऐकून घ्या. गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घ्यायचा नाही, बिलावर तसं छापायचं, दुकानात पाटी लावायची. परराज्यात माल विकायचा नाही. तुम्ही बेळगावात आहात म्हणून हे मुद्दाम सांगतोय. कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरकडून माल आणायला हरकत नाही, आणि चंदगडचा माणूस काउंटरवर येऊन खारी घेऊन गेला तरी ती लोकल विक्रीच. पण तुम्ही स्वतः टेम्पो भरून चंदगडच्या दुकानाला बिस्किटं पोचवायला लागलात तर ती आंतरराज्य विक्री, कंपोझिशन गेलं म्हणून समजा. सीमाभागात हे नकळत होतं, दहा मैलांवर मावशीचं दुकान असतं आणि मध्ये राज्य बदलतं.

इन्कम टॅक्सचं वेगळं. तिथे तर यूपीआय घेतल्याचा फायदाच आहे आणि हे कोणीच सांगत नाही. छोट्या धंद्यासाठी ठोक नफ्याची जी सोय आहे, जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी, त्यात रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. नोटबंदीनंतर हा फरक मुद्दाम केला, लोकांनी डिजिटलकडे यावं म्हणून. तुमचे ४२ लाखांचे ६ टक्के २ लाख ५२ हजार, रोख ९ लाखांचे ८ टक्के ७२ हजार, मिळून ३ लाख २४ हजार. वडिलांचं दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या रिजीममध्ये २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत काहीच लागत नाही, आणि रिबेट धरून १२ लाखांपर्यंत शून्य. खरा नफा ह्याहून जास्त असेल तर तो दाखवायचा, हे ओघानं आलंच. २०२६ च्या १ एप्रिलपासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे नंबर बदललेत. ठोक नफ्याची मर्यादा २ कोटींची, आणि रोख विक्री ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर ३ कोटी. म्हणजे क्यूआर काढून सगळं कॅशवर नेलं तर इन्कम टॅक्सला ६ चे ८ टक्के होणार. सगळे ५१ लाख रोख धरले तर नफा ४ लाख ८ हजार दिसेल. आज रिबेटमुळे टॅक्स शून्यच राहील, पण धंदा वाढला की फरक पडतो.

आणि कॅशवर गेल्याने लपतं तरी काय? डेअरीच्या एजन्सीकडे तुमच्या क्रेटचा रोजचा हिशेब आहे. बिस्किट कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरच्या वहीत तुमच्या दुकानाचं नाव आहे. रोख बँकेत भरली की बचत खात्यात वर्षाला १० लाख आणि करंट खात्यात ५० लाखांच्या वर गेल्यावर बँक इन्कम टॅक्सला कळवतेच. आणि रोख भरलीच नाही तर डेअरीला पैसे कुठून देणार, ते तर खात्यातूनच जातात. उलट क्यूआर काढल्याने गिऱ्हाईक जातं. सकाळी दूध घ्यायला येणारा माणूस आता खिशात पाकीट ठेवत नाही, २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात देशभर यूपीआयचे २,००० कोटींवर व्यवहार झाले, लोक सवयीला लागलेत. तुम्ही नाही म्हणालात की तो समोरच्या दुकानात जाणार.

आता वहीचं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक छोट्या दुकानदाराला मी शंभर पानी वही घ्यायला लावतो, कॉम्प्युटर नको, ॲप नको. रोज रात्री शटर ओढायच्या आधी एक ओळ लिहायची. नमुना देतो, १२ तारखेची ओळ समजा: यूपीआय ११,८४०, रोख २,३१०, एकूण १४,१५०. त्यातून बाहेरचे ५००, समोरच्या टेलरला कॅश दिली त्याचे. विक्री १३,६५०. पैकी दूध-ब्रेड-सुटं दही १०,६००, बाकी माल ३,०५०. झालं, दोन मिनिटांचं काम.

तुम्ही म्हणाल दूध किती आणि बिस्किट किती हे रात्री कसं कळणार, दिवसभर कोण लिहितंय? दिवसभर लिहायचंच नाही. दूध उरत नाही, त्याचा साठा नसतो. सकाळी किती क्रेट उतरले, किती पिशव्या फुटल्या किंवा परत गेल्या, उरल्या तेवढ्या विकल्या. त्याला भावाने गुणलं की दुधाची विक्री पक्की. ब्रेडचं तसंच, सुट्या दह्याचं भांडं किती किलोचं ते माहीत असतं. एकूण विक्रीतून हे वजा केलं की उरलेला टॅक्सवाला माल. डेअरीची बिलं महिन्याला एका दाभणात ओवून ठेवायची. पुढे कुठला अधिकारी आला तर ह्या वहीतली दुधाची बेरीज आणि डेअरीच्या बिलांची बेरीज भाव-मार्जिन धरून जुळते का एवढंच तो बघणार, आणि ती जुळली की त्याच्याकडे तुमच्याशी भांडायला फारसं काही राहत नाही. हे मी पुन्हा पुन्हा पाह्यलंय, वही असलेल्या माणसाची सुनावणी अर्ध्या तासात उरकते, नसलेला चकरा मारतो.

बिलाचं पण सांगतो कारण वडील विचारतील, वीस रुपयाच्या टोस्टला बिल फाडायचं का? २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर वेगळं बिल लागत नाही, दिवसअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल करायचं. तुमच्या दुकानात बहुतेक विक्री त्यातच बसेल.

खातं वेगळं करा, हे तर आजच. सध्या बचत खात्याला जोडलेला घरगुती क्यूआर असणार, त्यावर दूध पण येतं आणि मामाचे पैसे पण. दुकानासाठी करंट खातं उघडा, त्याला मर्चंट क्यूआर घ्या, घरच्या पैशाला जुनं खातं. आणि क्यूआर लावायला कंपनीचा जो मुलगा येतो तो धंद्याचा प्रकार कुठला निवडतो ते बघा, घाईत काहीही टाकून मोकळा होतो. किराणा-डेअरीऐवजी तिथे रेस्टॉरंट पडलं तर तुमच्या डेटावर रेस्टॉरंटचा शिक्का बसतो आणि सेवेची २० लाखांची फूटपट्टी लागायची शक्यता. ॲपमध्ये प्रोफाइलला जाऊन तपासा, चूक असेल तर बदलून घ्या.

लग्नाचे पैसे ज्यांनी पाठवले त्यांची नावं-रकमा आणि लग्नपत्रिका एका पाकिटात ठेवा. हसू नका, पुरावा म्हणून पत्रिका चालते.

मागच्या वर्षांचं काय, हा तुमचा खरा काळजीचा प्रश्न आहे असं दिसतंय. वर्षावार वेगळं बघा. ज्या वर्षी एकूण विक्री, बाहेरचे पैसे वगळून आणि रोख धरून, ४० लाखांच्या आत होती त्या वर्षी काहीच देणं नाही. ओलांडली असेल तर ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायला हवा होता. नोटीस आली नसेल तर आधी नोंदणी करून पुढचं सरळ करा, आणि वर सांगितलेलं आश्वासन असलं तरी मागचं विचारलं तर म्हणून विक्रीचा वर्षावार तक्ता आणि डेअरीची बिलं तयार ठेवा. मागच्या वर्षांचं देणं आपणहून भरायचं की कसं हे एकूण आकडे बघून ठरवावं लागतं, तुमच्यासारख्या केसमध्ये टॅक्सवाला हिस्सा लहान असल्याने रक्कम लहानच निघते. फक्त मागच्या वर्षांना कंपोझिशनचा १ टक्का मिळत नाही, तेव्हाचे रेट लागतात, बिस्किटाला १८, हे ध्यानात ठेवा. नोटीस आली तर पाकीट फोडून कपाटात ठेवायची नाही. मुदतीत उत्तर द्यायचं, तक्ता जोडायचा, सुनावणी मागायची. उत्तर न देणाऱ्याचा एकतर्फी आदेश होतो, आणि मग जो ९ लाखांचा आकडा कागदावर होता तो खरोखर वसुलीला लागतो.

थोडं सरकारच्या बाजूनं पण बोलतो, कारण मी दोन्हीकडची तोंडं बघतो. देशात जीएसटी नोंदणी असलेले दीड कोटीच्या आसपास, आणि क्यूआर लावून बसलेले त्याच्या कितीतरी पट. जो कापडवाला ८० लाखांचा धंदा करून नोंदणी घेत नाही तो शेजारच्या नोंदणीवाल्यावर अन्याय करतो, हे मी तोंडावर सांगतो. टॅक्स गोळा करायला पूर्वी काय लागायचं ते आठवा, महाराष्ट्रात शहराच्या वेशीवर जकात नाके, ट्रकांच्या रांगा, पावतीसाठी तासंतास. पुण्यासारख्या शहरांत २०१३ मध्ये जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, व्यापाऱ्यांनी बेमुदत बंद केले, त्यांचं मुख्य दुखणं रेटपेक्षा इन्स्पेक्टर दुकानात येऊन वह्या तपासेल हे होतं. २०१५ च्या ऑगस्टपासून ५० कोटींपर्यंत उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. त्या मानानं आज माणूस घरी बसून मोबाइलवरून टॅक्स भरतो, कित्येक राज्यांत जीएसटीचं चलन पण यूपीआयने भरता येतं. व्हॅटच्या काळात शेवटच्या तारखेला चलनाच्या कॉप्या घेऊन बँकेत जी गर्दी व्हायची ती ज्यांनी पाह्यली त्यांना ही केवढी सोय आहे ते कळेल.

म्हणूनच तो डेटा ज्या तऱ्हेनं वापरला त्याचा मला राग येतो. खात्याला २०२१-२२ मध्येच दिसत असेल की अमुक खात्यात ३५ लाख जमा झालेत, तर तेव्हाच एक मेसेज पाठवायचा होता, कन्नडमध्ये, बेळगाव-निपाणीत मराठीतही, की तुमची विक्री मर्यादेच्या जवळ आलीय, माल माफ असेल तर एवढं कळवा, नसेल तर अशी नोंदणी करा. चार वर्षं थांबून एकदम चार वर्षांची मागणी काढली की माणूस डिजिटलपासूनच पळतो, आणि मग सरकारला ना टॅक्स मिळतो ना माहिती. आफ्रिकेत हे होऊन गेलंय. युगांडाने २०१८ च्या जुलैत मोबाइल मनीच्या व्यवहारांवर १ टक्का कर लावला, लोकांनी वापर कमी केला, आंदोलनं झाली, त्याच वर्षी तो अर्धा टक्का करून फक्त पैसे काढण्यावर ठेवावा लागला. घानाने २०२२ च्या मेमध्ये अशाच व्यवहारांवर दीड टक्क्याचा कर, ई-लेव्ही, आणली, २०२३ मध्ये १ टक्का केली, २०२५ च्या एप्रिलमध्ये रद्दच केली. आपल्याकडे व्यवहारावर कर नाही ही फार चांगली गोष्ट आहे, पण दुकानदाराला जर वाटायला लागलं की स्कॅनर म्हणजे नोटीस, तर कर न लावताही परिणाम तोच.

नोंदणीसाठी कागद सांगतो आणि थांबतो. वडिलांचा पॅन, आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर, फोटो, बँकेचा कॅन्सल चेक, दुकान भाड्याचं असेल तर भाडेकरार आणि मालकाचं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती. अर्ज जीएसटीच्या पोर्टलवर आरईजी-०१ या फॉर्ममध्ये, त्यातच कंपोझिशनचा पर्याय निवडायचा, नंतर निवडू म्हणून सोडू नका, नाहीतर पुढचं आर्थिक वर्ष सुरू होईपर्यंत थांबावं लागतं. बायोमेट्रिकसाठी बोलावलं तर वडिलांनी स्वतः जायचं. नोंदणीची सरकारी फी शून्य आहे. भरून देणाऱ्याने त्याची मेहनत मागितली तर द्या, पण "सरकारी फी" म्हणून कोणी पाच-दहा हजार मागितले तर सरळ दुसऱ्याकडे जा.